आधी मोजतात, मग उघडतात: तापकीर गल्लीतले वायरलेसवाले काका

मी हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेस सेटवर बोलणारी. दिवाळीत सांगलीचे एक ज्येष्ठ ओएम (पुरुष हॅमना आम्ही असंच म्हणतो) मला सकाळच्या नेटवर, म्हणजे हवेवरच्या ठरलेल्या बैठकीत, पाच-नऊ द्यायचे: पाच म्हणजे आवाज पूर्ण स्पष्ट, नऊ म्हणजे सिग्नल जोरदार. संक्रांतीला त्याचे पाच-सात झाले. होळीच्या सुमाराला ते म्हणाले, "ताई, तुमचा आवाज गोंगाटात बुडतोय, कॉलसाइन पुन्हा सांगा." कॉलसाइन म्हणजे परवान्यावरचं माझ्या स्टेशनचं नाव. मी ती तीनदा सांगितली, चौथ्यांदा साताऱ्याच्या एका स्टेशनने माझा निरोप पुढे दिला. माझा सेट शंभर वॅटचा, जुना, जपानी बनावटीचा, ४० मीटरच्या बँडवर (लहरींच्या लांबीवरून ओळखला जाणारा पट्टा) रोज चालणारा. त्या सकाळी तो नेमके किती वॅट देत होता हे मला पुढे पुण्यात कळलं: १४.

मी चिपळूणला राहते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा वीज गेली, मोबाइलही बंद पडले, आणि आमच्या आळीत कुणाचा कुणाला पत्ता नव्हता. माझी धाकटी बहीण खालच्या पेठेत राहते. ती सुखरूप आहे हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. त्यानंतर मी अभ्यास करून हॅमची परीक्षा दिली, मोर्ससकट जनरल ग्रेड काढली आणि वरच्या मजल्यावर सेट मांडला. पावसाळ्यात कधीही लागेल म्हणून बारा व्होल्टची बॅटरी बाजूला कायम चार्ज ठेवते. त्यामुळे सेट किती वॅट देतो हा माझ्यासाठी हौसेचा आकडा नाही. पुराच्या रात्री माझा आवाज कराडपर्यंत पोचणार की नाही, तो त्याचा हिशेब आहे.

काकांकडे जाण्यापूर्वी मी सेट दुसऱ्या एका शहरातल्या दुकानात दाखवला होता. तिथे त्यांनी सेटला मागे एक छोटा मीटर लावला, माइकमध्ये "हॅलो हॅलो" म्हटलं, काटा बघितला आणि दहा मिनिटांत निकाल दिला: फायनलची जोडी (शेवटी पॉवर वाढवणारे दोन ट्रान्झिस्टर) गेली, साडेनऊ हजार रुपये. डमी लोड (अँटेनाऐवजी लावून पॉवर जिरवणारा रेझिस्टर) नाही, व्होल्टेज बघणं नाही, दुसरा बँड लावून बघणं नाही. एसएसबीवर, म्हणजे आमच्या बोलण्याच्या मोडवर, बोलताना साध्या मीटरचा काटा सरासरी दाखवतो. चांगला शंभर वॅटचा सेटसुद्धा बोलण्यात पंचवीस-तीसच्या आसपास नाचताना दिसतो, त्यामुळे "हॅलो" म्हणून पॉवर मोजता येत नाही. एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी सेट उचलला आणि घरी आले. त्याच आठवड्यात नेटवरच्या एका मित्राने बुधवार पेठेतल्या या काकांचं नाव सुचवलं.

फोनवर काकांनी आधी प्रश्न विचारले. सगळ्या बँडवर पॉवर कमी आहे की एकाच? ऐकायला येतं ते पूर्वीसारखं येतं का? पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबून सोडल्यावर ऐकण्यात काही फरक पडतो का? हा तिसरा प्रश्न ऐकून मी थबकले. फरक पडत होता. ४० मीटरवर सकाळी सेट लावला की बँड मेल्यासारखा वाटायचा, आणि एकदा बोलून पीटीटी सोडला की थोडा वेळ स्टेशनं नीट ऐकू यायची. मी ते हवामानावर ढकललं होतं. काका म्हणाले, "मग रिलेचा संशय आहे. पण आत्ता काही ठरवायचं नाही. येताना बिऱ्हाड घेऊन या." रिले म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच. बिऱ्हाड म्हणजे सेट, पॉवर सप्लाय, दोन्हीतली केबल, मीटर जोडायची छोटी केबल (पॅच लीड), माइक आणि मोर्स की. नुसता सेट आणला तर बघणार नाही हेही तेव्हाच सांगितलं.

सप्लाय जड होता. चिपळूणहून कुंभार्ली घाट, कराड, सातारा करत एसटीने पुणे म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि हे सगळं बोचकं मांडीवर घेऊन मी गेले. तापकीर गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना एलईडीच्या माळा, ॲम्प्लिफायर, केबलची भेंडोळी. काकांची जागा एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे, पाटी नाही. जिना अरुंद आणि उभा. वर गेल्यावर एक लांब खोली, खिडकीशी टेबल, त्यावर ऑसिलोस्कोप, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या पॅच लीडा, प्रत्येकीला लांबीची चिठ्ठी. काका पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेत. हाताखाली एक मुलगी आहे, डिप्लोमा करते आणि दुपारनंतर इथे शिकते.

पहिला तासभर सेटचं झाकण उघडलं गेलं नाही, आणि मी हे सगळं लिहायला बसले ते त्या तासासाठी. काकांनी माझा सप्लाय, माझीच केबल, माझाच सेट जोडला. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा मोठा डमी लोड आला. ॲण्टेना वाईट असली की एसडब्ल्यूआर (ॲण्टेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) वाढतो आणि सेट आपल्या फायनल वाचवायला स्वतःहूनच पॉवर खाली खेचतो, त्यामुळे आधी ॲण्टेनाचा प्रश्न बाजूला काढायचा. मेनूतली पॉवर सेटिंग शंभरवर आहे हे बघितलं. मग मोड सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सचा. की दाबली की स्थिर कॅरिअर, त्यात बोलण्याची चढउतार नाही. मुलीने वहीत रकाने आखले आणि बँडागणिक आकडे घेतले: ८० मीटरवर ६८ वॅट, ४० वर १४, २० वर ७०, १५ वर ६६, १० वर ६१.

काकांनी वही माझ्याकडे फिरवली. "काय दिसतं?"

दिसत होतं ते असं की दुखणी दोन होती. सगळ्याच बँडवर काहीतरी तीस टक्के खात होतं, आणि ४० वर त्याशिवाय आणखी काहीतरी होतं. फायनल ट्रान्झिस्टर सगळ्या बँडांना तेच असतात. ते गेले असते तर २० मीटरवर ७० वॅट कुठून आले असते? आधीच्या दुकानात मागितलेले साडेनऊ हजार या एका प्रश्नात निकालात निघाले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी माझी गत होता होता राहिली.

मग मल्टिमीटर आला. सप्लायच्या टर्मिनलवर की दाबलेली असताना १३.८ व्होल्ट. सेटच्या मागच्या सॉकेटवर त्याच क्षणी ११.६. क्लॅम्प मीटरवर करंट १६ अँपिअर. मधल्या केबलमध्ये २.२ व्होल्ट गायब होते, म्हणजे पस्तीस वॅटची उष्णता माझ्या टेबलाखाली तापत होती. सेटच्या पुस्तिकेत १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असं दिलेलं असतं. त्याची खालची हद्द ११.७ येते. मी घरच्या विजेवर असतानाच तिच्याखाली होते. काकांनी गणित तोंडी केलं: पॉवर व्होल्टेजच्या वर्गात चालते, ११.६ भागिले १३.८, त्याचा वर्ग ०.७. शंभरातले सत्तर. २० मीटरवर आकडा सत्तरच होता.

केबल माझी होती. मी सेट खिडकीशी हलवला तेव्हा मूळची आखूड पडली, म्हणून मी घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची वायर चार मीटर जोडली. जाऊन-येऊन आठ मीटर, त्यात दीड व्होल्ट गेले. उरलेले बरेचसे फ्यूज होल्डरमध्ये. मुलीने मल्टिमीटरच्या दोन्ही सुया होल्डरच्या दोन बाजूंना टेकवल्या, की दाबली, ०.६ व्होल्ट. मग मला म्हणाली, "ताई, हात लावून बघा." होल्डर ऊन चहाच्या पेल्याइतका गरम होता. उघडल्यावर आतली स्प्रिंग पितळी राहिलेलीच नव्हती, तपकिरी पडली होती, आणि प्लास्टिक एका बाजूने वितळून किंचित आत बसलं होतं.

मी बॅटरीचा विचार करत होते. पुराच्या रात्री बॅटरी लोडवर बारा व्होल्ट देईल. त्यातून २.२ गेले की सेटला ९.८. सेट बंदच पडला असता. तीन पावसाळे मी ती बॅटरी जपली होती आणि त्या रात्री ती उपयोगी पडली नसती. हे मी काकांना बोलून दाखवलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि मुलीला जाड वायर काढायला सांगितली. सहा स्क्वेअर एमएमची, दीड मीटर. सेट खिडकीशी आणि सप्लाय भिंतीशी हवा हा माझा हट्ट त्यांनी मोडीत काढला: सप्लाय सेटजवळ न्या, २३० व्होल्टची वायर लांबवा, बारा व्होल्टची नाही. नवी केबल, नवे फ्यूज होल्डर, लग दाबून बसवलेले. पुन्हा मोजलं. सेटवर १३.५ व्होल्ट. २० मीटरवर ९७ वॅट. ४० मीटरवर १७.

आता झाकण.

लो-पास फिल्टरच्या (नको त्या वरच्या फ्रीक्वेन्सी अडवणाऱ्या) बोर्डावर प्रत्येक बँडगटाच्या फिल्टरला आत जायचा एक आणि बाहेर यायचा एक असे दोन छोटे रिले असतात. पाठवताना सिग्नल त्यातूनच जातो आणि या सेटमध्ये ऐकतानाही त्यातूनच येतो. म्हणून काकांनी फोनवर ऐकण्याबद्दल विचारलं होतं. काळवंडलेल्या काँटॅक्टमधून अँटेनावरचा मायक्रोव्होल्टचा सिग्नल जात नाही. पीटीटी दाबला की जोराच्या करंटने तो थर क्षणभर फुटतो, मग थोडा वेळ ऐकू येतं. काकांनी की कमी पॉवरवर दाबून ठेवायला सांगितली आणि प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेका रिलेवर टिचकी मारली. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर स्कोपवरची लाट एकदम फुगली आणि परत बसली. पुन्हा टिचकी, पुन्हा फुगली. खोलीत तिघंच होतो आणि तिघांनाही आनंद झाला, हे मी मुद्दाम नोंदवते.

ते रिले सीलबंद असतात, उघडून साफ करता येत नाहीत. दोन्ही बदलले. मुलीने सोल्डर पंपाने आणि विकने एकेक पाय मोकळा केला. बोर्डावरचा एकही पॅड उचलला गेला नाही, मी जवळून बघत होते. निघालेल्या रिलेचं टोपण तिने करवतीच्या पात्याने कापलं आणि भिंगाच्या दिव्याखाली धरलं. चांगल्या रिलेचा काँटॅक्ट मोहरीएवढा, चांदीचा चकचकीत ठिपका. माझ्यातल्या ठिपक्याच्या मधोमध काळा खड्डा होता आणि भोवती उदबत्तीच्या राखेसारखी करडी पूड. कोकणची दमट हवा, असं कारण काकांनी दिलं. पहिल्या मालकाने पॉवर चालू असताना बँड फिरवण्याची सवय ठेवली असेल तर त्यानेही होतं म्हणाले. सेट मी वापरलेला घेतला होता, त्यामुळे ते मला सांगता आलं नाही.

त्यानंतर ४० मीटरवर की दाबली. स्कोपवर शिखर ते शिखर १९६ व्होल्ट. काकांची पद्धत मला फार आवडली, कारण ती कुठल्याही मीटरवर विसंबत नाही: ५० ओहमच्या लोडवर नुसतं शिखराचं व्होल्टेज घ्या, त्याचा वर्ग करा, शंभराने भागा. ९८ चा वर्ग भागिले शंभर, ९६ वॅट. मग अर्धा मिनिट की, अर्धा मिनिट विश्रांती, असं दहा मिनिटं. पॉवर घसरली नाही, हीटसिंकला हात ठेवता येत होता.

मी हावरटपणे विचारलं की आतला एएलसीचा (पॉवर हद्दीत ठेवणाऱ्या सर्किटचा) प्रीसेट, म्हणजे जुळवणीचा स्क्रू, थोडा फिरवून एकशे वीस निघतील का. काकांनी स्पष्ट नकार दिला. त्या प्रीसेटवर कारखान्याचा रंगाचा ठिपका अजून शाबूत होता, तो त्यांनी मला दाखवला. "निघतील, पण शेजारच्या फ्रीक्वेन्सीवाल्याच्या कानात निघतील." एएलसी सैल केला की आवाजाची शिखरं चेपली जातात आणि सिग्नल आजूबाजूला पसरतो. शिवाय शंभराचे एकशे वीस म्हणजे एक डेसिबलसुद्धा नाही, समोरच्याला कळणारच नाही. उलट १४ चे ९६ म्हणजे आठ डेसिबलहून जास्त. एस-मीटरचा (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा) एक काटा, म्हणजे एक अंक, सहा डेसिबलचा धरतात, तेव्हा तो फरक सव्वा काट्याहून अधिक.

पण सांगलीचे ओएम तर मला दोन-अडीच काटे खाली ऐकत होते. हे मी निघताना बोलले. काकांनी ड्रॉवर उघडला आणि एक किलोओहम, दोन वॅटचे वीस रेझिस्टर पुडीत बांधून दिले. वीसही समांतर जोडले की ५० ओहम होतात. "घरी गेल्यावर हा डमी लोड कोॲक्सच्या, म्हणजे सेटपासून अँटेनाला जाणाऱ्या केबलच्या, अँटेनाकडच्या टोकाला लावा आणि तिथे पॉवर मोजा. दहा सेकंदांच्या वर की दाबू नका, हे चाळीस वॅटचे आहेत."

घरी मोजलं. शॅकमध्ये, म्हणजे सेटच्या खोलीत, ९६, तीस मीटर आरजी-५८ जातीच्या कोॲक्सच्या दुसऱ्या टोकाला ४१. कनेक्टर कापला तर केबलच्या आतली तारांची जाळी हिरवी-काळी पडलेली, मागच्या पावसाळ्यात वरून पाणी उतरलं होतं. मला फसवलं ते एसडब्ल्यूआरच्या आकड्याने. तो १.४ दाखवत होता म्हणून मी ॲण्टेनाकडे कधी बघितलंच नाही. खराब केबल परत येणारी पॉवर वाटेतच खाते, मग मीटरला सगळं छान दिसतं. नवी केबल टाकली, टोकाला ७४ वॅट मिळाले, जे या जातीच्या केबलला ४० मीटरवर रास्त आहे. आणि एसडब्ल्यूआर १.८ झाला. पुण्यात ते सगळं बघितलं नसतं तर मी नवी केबल खराब समजून परत केली असती. माझ्या इन्व्हर्टेड व्हीच्या (उलट्या व्ही आकाराच्या ॲण्टेनाच्या) तारा लांब होत्या, दोन्हीकडून अठरा सेंटिमीटर छाटल्या, १.२ वर आला. कनेक्टरला सेल्फ-फ्यूजिंग टेप, त्यावर साधी टेप, आणि केबलला खाली एक झोळ, पाणी थेंबाथेंबाने तिथून गळावं म्हणून.

पैशांचा तपशील: तपासणी ५०० रुपये, काम १,२००, दोन रिले १८०, वायर, होल्डर आणि लग मिळून ४२०. एकूण २,३००. रेझिस्टरचे घेतले नाहीत. जुने रिले आणि जळका होल्डर पिशवीत घालून परत दिले, आणि सोबत वहीचं पान, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे बँडागणिक आकडे, तारखेसह. ते पान मी सेटच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे. याआधी कुठल्याही दुरुस्तीनंतर मला असं काही मिळालेलं नाही.

उणंही सांगते. छापील बिल मिळत नाही, पानावर सहीच. फोन सकाळी उचलत नाहीत, दुपारी साडेबाराच्या पुढे लागतो. सोमवार ते गुरुवारच बसतात. कुरिअरने सेट घेत नाहीत, त्यामुळे कोकण, विदर्भाकडच्या माणसाला पुण्यात एक मुक्काम पडतो. जिना ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना जमणार नाही, वीस किलोचं बोचकं असेल तर कुणाला तरी सोबत न्या. तीन महिन्यांची तोंडी हमी आहे, तीही फक्त बदललेल्या भागांची. आणि बोलणं तुटक आहे. पहिल्या पाच मिनिटांत मला ते रागावलेत असंच वाटत होतं. मोजायला लागल्यावर मात्र प्रत्येक आकडा मला दाखवल्याशिवाय पुढे गेले नाहीत.

मी नंबर इथे देत नाही, त्यांनी तसं सांगितलं आहे. गल्लीत रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या कुणालाही विचारलंत तर जिना दाखवतील. मात्र सप्लाय, केबल, पॅच लीड, माइक सगळं सोबत न्या. माझ्यासमोर एक गृहस्थ नुसता सेट काखेत मारून आले होते. काकांनी त्यांना चहा पाजला, केबल कुठे आहे विचारलं, आणि पिंपरीला परत पाठवलं.